माडी आपोआप फसफसते, मग बिअरच्या यीस्टचे एवढे लाड का?

प्रश्न: माझा मुलगा लीड्सला असतो आणि हौसेने घरी बिअर करतो (ब्रिटनमध्ये १९६३पासून त्याला परवाना लागत नाही म्हणे). या वेळी त्याने कोरड्याऐवजी द्रवरूप यीस्ट मागवलं. पाकीट तीन महिने जुनं, वाटेत कोमट झालेलं, वर किंचित फुगलेलं. टाकून देऊ का, असं मला विचारतो! आमच्याकडे माडीला कोणी यीस्ट घालत नाही, तरी ती फसफसतेच. आणि गणपतीला तो आला की इथे करता येईल का?
— एक वाचक, देवगड

उत्तर: ताई, टाकू नको म्हणावं. पाकीट फुगलं म्हणजे ऊब लागून आतले जीव जागे झाले आणि कार्बन डायऑक्साइड सोडू लागले, एवढंच. फ्रीजमध्ये गेले की शांत होतील. फक्त फ्रीझरमध्ये ठेवू नये. उघडल्यावर कुजका वास आला तरच फेकावं.

मला काळजी वाटते ती तारखेची. भरताना अशा पाकिटात साधारण १०० अब्ज पेशी असतात आणि फ्रीजमध्येही महिन्याला पाचवा हिस्सा मरतो, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे निम्म्याच उरल्या. वीस लिटर मध्यम कडक एल बिअरला (एल म्हणजे साध्या तापमानाला फसफसणारी) लागतात १८० अब्जांच्या आसपास, थंडीत फसफसणाऱ्या लागरला त्याच्या दुप्पट. कॉलेजात शिकवताना मी मिथिलीन ब्लूचा थेंब टाकून मुलांना दाखवायची: मेलेल्या पेशी निळ्या, जिवंत बिनरंगी. जुन्या यीस्टमध्ये निळ्या ठिपक्यांची गर्दी बघून मुलं गप्प व्हायची.

तेव्हा आधी स्टार्टर करावा, म्हणजे थोड्या गोड पाण्यात यीस्टची संख्या वाढवून घ्यावी. दोन लिटर पाण्यात २०० ग्रॅम माल्ट एक्स्ट्रॅक्टची (मोड आणलेल्या जवाच्या अर्काची) पूड घालून दहा-पंधरा मिनिटं उकळायची. तिथून हलायचं नाही, ते उतू जायला टपलेलंच असतं. वीस अंशांपर्यंत निवलं की पाकीट आणि कात्री जंतुनाशकाने पुसून, पाकीट चांगलं हलवून ओतायचं. तोंडावर फॉइल सैलच ठेवायची, घट्ट बूच लावलं तर वायूने काच फुटेल. येता-जाता भांडं गरगर फिरवायचं, यीस्टला वाढायला प्राणवायू लागतो. फेस दिसला नाही तरी घाबरू नये, बऱ्याचदा तो रात्रीत येऊन जातो. एक-दोन दिवसांनी तळाशी मळकट पांढरा दाट थर बसला की काम झालं. मग एक रात्र फ्रीजमध्ये, वरचं पाणी ओतून द्यायचं आणि थर बिअरच्या काढ्याच्या (ज्या गोड पाण्याची पुढे बिअर होते त्याच्या) तापमानाजवळ आणून त्यात घालायचा.

आता माडी. ताडा-माडाचा रस मडक्यात ठिबकतानाच मडक्यातलं आणि हवेतलं यीस्ट त्याला लागतं, सोबत बॅक्टेरियाही. पण माडी त्याच दिवशी संपते. राहिली तर आंबते आणि पुढे तिचं व्हिनेगर होतं, त्यात कोणाचं बिघडत नाही. बिअरचा काढा उकळून निर्जंतुक केलेला, गोड, आणि आठवडा-दोन आठवडे तसाच राहणारा. आपलं यीस्ट पहिल्याच दिवशी संख्येने वरचढ झालं नाही, तर तिथे दुसरं कोणीतरी घर करतं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये एमिल हान्सनने १८८३मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं, ते या आगंतुकांमुळे बिअर बिघडत होती म्हणूनच.

गणपतीतला बेत मात्र विसरा. दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे महाराष्ट्रात परवान्याशिवाय बिअर करणं गुन्हा आहे, घरच्यापुरती असली तरी. शिवाय भाद्रपदात आपल्या किनाऱ्यावर घरात अठ्ठावीस-तीस अंश, आणि बहुतेक एल यीस्टला लागतात अठरा ते बावीस. उकाड्यात ते भराभर काम उरकतं आणि बिअरला थिनरसारखा उग्र वास येतो. त्यात वीज गेली की फ्रीजही गेला!

लीड्समध्ये एक काटकसर मात्र जरूर करावी. बिअर काढून झाल्यावर तळाशी उरलेलं यीस्ट निर्जंतुक बरणीत, झाकण सैल ठेवून फ्रीजमध्ये ठेवावं. पंधरवड्याच्या आत वापरलं तर पुढच्या खेपेला नवं पाकीट घ्यायला नको.