सामायिक सर्व्हरवर ब्लेंडर टाकताना

भाऊ, आधी एक सांगतो, ब्लेंडर (थ्रीडी चित्रं, अ‍ॅनिमेशन बनवायचं सॉफ्टवेअर) टाकायला सुडोची, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकारांची, परवानगी मागत बसू नको. कॉलेजच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या सामायिक सर्व्हरांवर) ती आपल्याला मिळत नाही, आणि ब्लेंडरला लागतही नाही. ब्लेंडरची लिनक्ससाठीची टार फाइल (सगळं एकत्र बांधलेलं पॅकेज) थेट सर्व्हरवरच उतरव, होम फोल्डरमध्ये उघड, झालं. लॅपटॉपवर घेऊन मग वर चढवायला गेलास तर दारव्ह्याकडच्या मोबाइल नेटवर अख्खी रात्र जाईल.

लॉगिन नोडवर, म्हणजे सगळे आधी जिथे आत शिरतात त्या मशीनवर, रेंडर (सीनमधून चित्रं काढायचं काम) लावू नको, सगळ्यांचं काम अडतं. स्लर्म (कामं रांगेत लावणारी प्रणाली) असेल तर त्याच्या एसबॅच कमांडने जॉब टाक. मग गावात लाइन गेली तरी काम तिकडे सुरूच राहतं.

नवे लोक जास्त अडकतात ते रेंडरच्या कमांडमधल्या क्रमात. ब्लेंडर ती डावीकडून उजवीकडे पाळत जातो. आधी फाइल, मग आउटपुट, पहिली-शेवटची फ्रेम, आणि ‘डॅश ए’ (-a, म्हणजे सगळ्या फ्रेम रेंडर कर) अगदी शेवटी. ते आधी आलं की पुढचं काही न वाचताच रेंडर सुरू होतो.

थेट व्हिडिओ काढू नको, पीएनजी फ्रेम काढ. 170व्या फ्रेमनंतर वेळ संपला तर 171पासून पुढे जाता येतं. फ्रेम जोडून व्हिडिओ करायला एफएफएमपेग हे टूल आहे. आणि पाठवण्याआधी टेक्श्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) ब्लेंडरच्या फाइलमध्येच पॅक कर, नाहीतर सगळं गुलाबी दिसेल.