बारवेतल्याला ठेवतात ते काय? निवद, उतारा, बळी की मान

परभणीकडच्या एका लेखिकेचा प्रश्न आहे. ती अद्भुतकथा लिहिते आहे. गाव काल्पनिक, पण मराठवाड्यातलं. गावाबाहेर जुनी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आणि बारवेत एक अचाट जीव. दर अमावस्येला गावकरी बारवेच्या पायऱ्यांवर भाकर, गूळ, कधी कोंबडं ठेवून येतात, म्हणजे तो वर येत नाही. हे जे ठेवतात त्याला म्हणायचं काय? तिनं आधी ‘भेटवस्तू’ लिहिलं, मग ‘नैवेद्य’ केलं. मग ओळखीच्यांपैकी कुणी ‘उतारा’ सुचवला, कुणी ‘बळी’.

‘भेटवस्तू’ तर आजच खोडा. भेटवस्तू बारशाला नेतात आणि तिच्यावर चमकता कागद असतो. उरलेल्या तिन्ही शब्दांना आपापलं घर आहे, आणि त्या घराचा पत्ता नामापेक्षा क्रियापदात सापडतो. निवद दाखवतात, उतारा उतरवून टाकतात, बळी देतात, ओटी भरतात, नवस फेडतात. क्रियापद बदललं की ठेवणारा आणि घेणारा यांचं नातंच बदलतं.

नैवेद्य, म्हणजे खेड्यातला निवद, दाखवायचा असतो. देवापुढे ताट धरलं, पाणी फिरवलं, की ते ताट घरी परत येतं आणि घरातले जेवतात. देवानं खाल्लं असं मानायचं आणि पुरणपोळी आपण खायची, अशी ती सोयीची आणि गोड व्यवस्था आहे. तुमच्या बारवेतला जीव खरंच खातो. सकाळी पायरीवर काही उरत नाही. त्याच्या पुढ्यातलं ताट परत आणायची कुणाची छाती आहे? म्हणून निवद बसत नाही. तो देव असता तर बसला असता, पण मग गोष्टच वेगळी झाली असती.

‘उतारा’ हा फार कामाचा शब्द आहे. सातबाऱ्याचा उतारा, परीक्षेतला उतारा, विषावरचा उतारा आणि लिंबू-नारळाचा उतारा. यातल्या शेवटच्या दोघांच्या मुळाशी ‘उतरणे’ सरळ दिसतं: अंगात चढलेलं खाली आणायचं. आजारी माणसावरून भात, लिंबू, नारळ डोक्यापासून पायापर्यंत उतरवायचा, तिठ्यावर किंवा शिवेवर नेऊन टाकायचा आणि मागं वळून न बघता घरी यायचं. म्हणजे उतारा असतो त्या आजारी माणसाचा, भुताचा नव्हे. भूत त्यावर खूश झालं की नाही याच्याशी कुणाला कर्तव्य नसतं, ते निघून जावं एवढंच हवं असतं. आणि उतारा प्रसंगाला करतात. तो दर अमावस्येला ठरलेल्या पायरीवर ठेवायचा नेम नसतो.

याला मराठवाड्यातलाच पुरावा हवा असेल तर पैठणच्या एकनाथांचं ‘भूत जबर मोठं गं बाई’ हे भारूड घ्या. त्यात ‘लिंबू नारळ कोंबडा उतारा, त्या भूताने धरिला थारा’ असं येतं. सोळाव्या शतकातही उताऱ्याचं साहित्य हेच होतं. गंमत अशी की नाथांचं भूत उताऱ्यानं जात नाही, उलट थारा धरून बसतं, कारण ते विठ्ठलभक्तीचं भूत आहे. पण विनोद कळायला ऐकणाऱ्याला उतारा कशासाठी असतो हे आधी ठाऊक असावं लागतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. तुमच्या कथेत कुणाला बारवेतलं ‘लागलं’, तर त्या प्रसंगापुरता उतारा जरूर आणा. अमावस्येच्या नेमाला नको.

‘बळी’वर जरा थांबतो, कारण या शब्दावर अन्याय झाला आहे. आज बळी म्हटलं की मान कापलेला बोकड दिसतो किंवा ‘अपघातात तिघांचा बळी’ ही बातमी. त्यात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या लांबलचक नावातच ‘नरबळी’ असल्यामुळे शब्दाला पोलीस ठाण्याचा वास लागला. मूळ संस्कृत ‘बलि’ इतका रक्ताळलेला नव्हता. त्याचा एक अर्थ कर, राजाला द्यायचा वाटा. अशोकानं लुंबिनी गाव बलिमुक्त केल्याचं तिथल्या स्तंभावर कोरलं आहे, ते ‘बलि’ म्हणजे हाच कर. दुसरा अर्थ भूतमात्रांसाठी काढून ठेवलेला घास. मनुस्मृतीत पंचमहायज्ञ सांगताना ‘बलिर्भौतः’ म्हटलं आहे, म्हणजे भूतयज्ञ तो बलि, आणि ही भुतं म्हणजे सगळे जीव. पितृपक्षात कावळ्याला ठेवतो त्या काकबळीत कुणाची मान कापत नाहीत. जुन्या अर्थानं बघितलं तर तुमच्या पायरीवरची भाकर अगदी नेमका बळी आहे. पण वाचक आजचा आहे. त्याला पहिल्याच पानावर सुरा दिसेल आणि तुमचं पुढचं रहस्य फुटेल.

मग शब्द कोणता? माझ्या मते ‘मान’. ‘बारवेतल्याचा मान’.

गावगाड्यात मान ही वस्तूही असते आणि हक्कही. पोळ्याला मानाचा बैल पुढं असतो, जत्रेत मानाची काठी असते, लग्नात मानपानावरून रुसवे होतात. म्हसोबाला नारळ, शेंदूर, कोंबडं देतात त्यालाही लोक त्याचा मानच म्हणतात. मान ठरलेला असतो: अमुक दिवशी, अमुक जागी, अमुक इतका. देणाऱ्याची मर्जी त्यात चालत नाही. दिला तर उपकार होत नाहीत, चुकला तर मात्र अपराध होतो. ‘अवसेचा मान चुकला’ या तीन शब्दांत तुमच्या कथेचं अर्धं संकट उभं राहतं. ‘या अमावस्येला भेटवस्तू दिली गेली नाही’ असं लिहून बघा, म्हणजे फरक कळेल.

तुम्ही लिहिलंय की कल्पना नॉर्वे-डेन्मार्ककडच्या निस्सेवरून सुचली. तो शेतघरातला बुटका, नाताळात त्याच्यासाठी लोण्याचा गोळा घातलेली लापशी ठेवतात. त्याची प्रसिद्ध गोष्ट अशी की एकदा लोणी वर न दिसता तळाशी गेलं, तर त्यानं रागानं गाय मारली. मग लापशी खाता खाता तळाशी लोणी लागलं आणि तो वरमला. भूक हे त्या रागाचं कारण नव्हे, लापशी तर वाटीभर होतीच. मान कमी झाला होता. मराठी वाचकाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही, विहिणीच्या ताटात तूप वाढायचं राहिलं की काय होतं ते त्यानं पाहिलेलं असतं.

आपल्याकडचं एक जुनं उदाहरण तर याहून रोखठोक आहे. महाभारताच्या आदिपर्वात एकचक्रा नगरीतला ब्राह्मण कुंतीला बकासुराचा दर सांगतो: गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा एक माणूस. त्याला तिथं शब्द वापरला आहे ‘वेतन’. ‘वेतनं तस्य विहितं’, त्याचं वेतन ठरलेलं आहे. कारण बक त्या मुलखाचं परचक्रापासून रक्षण करतो. राक्षस पगारावर आहे! आज आपण त्याला हप्ता म्हटलं असतं. तुमचा बारवेतला जर गावाला पाणी आटू देत नसेल, तर गावातल्या एखाद्या तिरकस म्हाताऱ्याच्या तोंडी ‘पगार’ घालायला हरकत नाही. बाकीच्यांनी त्याच्यावर डोळे वटारायचे.

दोन पर्याय आणखी, थोडक्यात. बारवेतली ती ‘ती’ असेल, पाण्यातल्या सात आसरांपैकी एखादी, तर मान नको, ‘ओटी’ हवी: खण, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू. आसरा हा अप्सरांचाच बोलीतला अवतार. आणि बारवेशेजारी एखाद्या पिराचा दर्गा असेल तर बोकडाच्या जेवणाला ‘कंदुरी’ म्हणा. हा शब्द फारसीतला, मूळ अर्थ जेवणाखाली अंथरायचं दस्तरखान. मराठवाड्यात कंदुरी हिंदूही करतात आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. कोकणातल्या कथा वाचून ‘राखणदार’ आणि ‘गाऱ्हाणं’ मात्र इकडे आणू नका. आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे तिथल्या ग्रामदेवाला, चामड्याच्या चपला वाहतात ही लोभस रीत आहे, पण ती तिकडची. परभणीच्या बारवेवर चपला ठेवल्या तर लोक चोर शोधतील.

‘मान’ वापरताना एक सांभाळा, किंवा मुद्दाम सांभाळू नका. तो मान म्हणजे आदर, ती मान म्हणजे गळा. ‘गावानं मान दिला’ आणि ‘गावानं मान दिली’ यांत एका वेलांटीचा आणि एका जिवाचा फरक आहे. शेवटच्या प्रकरणात भाकरीऐवजी माणूस जाणार असेल, तर हे वाक्य तुमच्यासाठी भाषेनंच लिहून ठेवलं आहे.

राहिला तुमचा उपप्रश्न: त्या जिवाला नाव द्यावं का? निवेदकानं हवं तर द्यावं. गावकऱ्यांनी मात्र घेऊ नये. रात्री सापाला साप न म्हणता ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’ म्हणणारी ही माणसं आहेत. ती ‘बारवंतलं’ म्हणतील, नपुंसकलिंगी, आणि तेवढ्यावर भागवतील. अमावस्याही त्यांच्या तोंडी ‘अवस’ होते, जशी लातूर-धाराशिवकडे कानडी एळ्ळ अमावस्येची येळवस झाली. तेव्हा संवादात ‘अवसेला बारवंतल्याचा मान ठिवला का?’ एवढंच लिहा, आणि उत्तर देणाऱ्याला क्षणभर गप्प ठेवा.