ड्रोनवर बंदूक रोखण्याआधी

प्रश्न : मळ्यातल्या घरावर रोज संध्याकाळी कुणाचा तरी ड्रोन घिरट्या घालतो. पीकसंरक्षणासाठी बारा बोअरची परवान्याची बंदूक आहे. पाडला तर काय होईल?

उत्तर : पाडू नका. परवाना पिकासाठी आहे, ड्रोनसाठी नाही. बेदरकार गोळीबाराने इतरांचा जीव धोक्यात आला, तर शस्त्र कायद्याच्या कलम २५(९)नुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वर नुकसानभरपाई, आणि परवाना जायची टांगती तलवार. शिवाय तो ड्रोन गावठाण मोजणीचा निघाला तर?

छर्रे चाळीसेक मीटरपुढे फार विखुरतात. नेम चुकला तर ते दोनशे मीटर लांब कुणाच्या तरी अंगणात पडू शकतात. रायफलची गोळी तर काही किलोमीटर जाऊ शकते. नेम लागला तर वेगळीच पंचाईत. लिथियम बॅटरीला भोक पडलं की ती पेटू शकते, कधी काही मिनिटांनी, आणि खाली वाळलेला कडबा असतो! पडलेल्या ड्रोनला हात लावू नका, लांबूनच वाळू टाका.

त्यापेक्षा तीन-चार दिवस वेळ, दिशा लिहा, मोबाइलवर चित्रण करा. उडवणारा बहुधा नजरेच्या टप्प्यातच असतो. ड्रोन परत कुठे उतरतो ते पाहा. मग ११२ला फोन आणि ठाण्यात लेखी तक्रार. २५० ग्रॅमवरच्या ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो. न्हाणीघरातल्या बाईचं चित्रण होत असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ तक्रारीत जरूर लिहा.