सागरी विज्ञानात यायचंय? मग आधी हे

डॉल्फिन आणि प्रवाळ बघून इकडे ओढ वाटली असेल तर छानच, पण बराचसा वेळ संगणकासमोर आकडेवारी साफ करण्यात जातो, हे आधीच सांगून ठेवतो. त्यामुळे संख्याशास्त्र पक्कं करा आणि आर किंवा पायथन यांपैकी एकच प्रोग्रॅमिंगची भाषा धरा.

दुसरी गोष्ट म्हणजे नमुने घेण्याची शिस्त. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन विंकलर पद्धतीने, म्हणजे रसायनं घालून, मोजायचा असेल, तर बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा एकही बुडबुडा नको आणि रसायनं बोटीवरच, लगेच घालायची. किनाऱ्यावर गेल्यावर घालू म्हटलं की नमुना वाया गेलाच समजा. तारीख, वेळ, खोली, अक्षांश-रेखांश पेन्सिलीने लिहा, शाई फुटते.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- डायव्हिंगच्या प्रमाणपत्रावर आधीच पैसे घालतात. बरीच कामं त्याशिवाय होतात.
- रसायनशास्त्र टाळतात. मग क्षारता, पीएच, पोषकद्रव्यं, सगळंच अडतं.

बोट लागते? बहुतेकांना सवय होते. नाहीच झाली तर प्रयोगशाळा आणि उपग्रहांची माहिती आहेच. विशेष विषय कोणता घ्यायचा ते नंतर बघू. आधी एखाद्या प्रकल्पात हाताखाली काम मिळवा, अगदी बाटल्या धुवायचं असलं तरी.