बोगनवेलीचं बोन्साय : पानंच पानं, फूल नाही

प्रश्न : आमच्या गच्चीवर बोगनवेलीचं बोन्साय आहे, तीन वर्षं झाली. रोज पाणी घालते, खतही देते, पण नुसती हिरवीगार, फुलं धरतच नाही. छाटू का? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : ताई, लाड कमी करा, एवढंच आधी सांगते. रोजचं पाणी आणि नायट्रोजनवालं खत मिळालं की बोगनवेल पानंच काढत बसते, तिला फुलायला थोडी तहान लागते. वरची माती बोटाने चाचपा, कोरडी लागली तरच पाणी द्या, पानं जराशी मलूल झाली तरी घाबरू नका. फक्त एप्रिल-मेमधलं आपलं ४० च्या वरचं ऊन आणि बोन्सायचा उथळ ट्रे, तेव्हा मात्र रोज बघावंच लागतं, कधी दोनदाही पाणी लागतं.

छाटणी जरूर करा, कारण फुलं नव्या फुटीवरच येतात. एक बहर संपला की लांब फांद्या दोन-तीन डोळे (पानाच्या बेचक्यात जिथून नवी फूट येते ती जागा) ठेवून कापा, मोठी छाटणी पावसाच्या तोंडावर. आकार देण्यासाठी तार कोवळ्या फांदीलाच बांधा, जून झालेली फांदी कटकन मोडते, फार वाईट वाटतं तेव्हा. आणि कुंडीत नुसती काळी माती असेल तर ती बदला, पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. जाड वाळू, विटांचा चुरा, थोडं कुजलेलं शेणखत घाला. मुळं नाजूक असतात, माती बदलताना मुळांभोवतीचा गोळा फुटू देऊ नका. ऊन पाच-सहा तास हवंच.