मुलांच्या आपत्तीसाठी नव्या डॉक्टरांना वेगळे प्रशिक्षण लागते का?

नुकत्याच एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांना मोठ्यांसाठीचे आपत्ती-प्रशिक्षण पुरते का, की मुलांसाठी वेगळे द्यावे लागते, असे आपण विचारले आहे. कोल्हापुरात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना आणि इंटर्नना शिकवताना माझे मत पक्के झाले आहे की ते वेगळेच द्यावे लागते, आणि तेही प्रत्यक्ष सरावातून.

एकाच वेळी अनेक जखमी आले की आधी कोणाला पाहायचे, हे ठरवण्याच्या ‘स्टार्ट’ पद्धतीत, श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास सुरू न झालेल्या प्रौढाला काळी चिठ्ठी (म्हणजे वाचण्याची आशा नाही) लावून पुढे जायचे असते. मुलांच्या ‘जम्पस्टार्ट’ पद्धतीत मात्र तेथेच थांबून नाडी पाहायची आणि ती लागत असेल तर पाच श्वास द्यायचे. कारण मुलांमध्ये बहुधा आधी श्वास थांबतो आणि मग हृदय, त्यामुळे मधल्या थोड्या वेळात मूल परत येऊ शकते. ते स्वतः श्वास घेऊ लागले तर चिठ्ठी लाल, म्हणजे उपचार ताबडतोब. केवळ मोठ्यांवर सराव केलेला डॉक्टर नेमका येथेच पुढे निघून जातो, म्हणून मी हा एकच प्रसंग इंटर्नकडून पुतळ्यावर पुन्हा पुन्हा करून घेतो.

रक्तस्रावाचेही तसेच आहे. चार वर्षांच्या, साधारण 16 किलोच्या मुलाच्या अंगात जेमतेम सव्वा लिटर रक्त असते, आणि रक्तदाब बराच वेळ टिकून एकदम कोसळतो. तोवर नाडीचा वेग आणि दाबलेल्या त्वचेचा रंग परत यायला लागणारा वेळ यांवरच भिस्त ठेवावी लागते.

‘मोठ्या केंद्राकडे पाठवू’ हे उत्तर आपल्याकडे चालत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 55 फुटांच्याही वर गेली आणि पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. अशा वेळी ड्युटीवर असेल त्यालाच सारे निभवावे लागते. पूरग्रस्तांच्या छावणीत ओल्या तान्ह्या बाळाला कोरडे करून आईच्या उराशी देणे, जुलाबावर ओआरएस आणि झिंक देणे, दूध पावडर सरसकट न वाटता स्तनपान चालू ठेवणे, हेही प्रशिक्षणातच आले पाहिजे.

एक गोष्ट तर हमखास राहून जाते. दोन वर्षांच्या मुलाला स्वतःचे नाव सांगता येत नाही. ते कोठे सापडले, कोणी आणले आणि अंगावर काय होते, हे मनगटपट्टीवर व नोंदवहीत लिहून, फोटो काढूनच त्याला वॉर्डात हलवावे, आणि नाते पडताळल्याशिवाय कोणाच्याही हाती देऊ नये.