विसण घालणारा व्हॉल्व्ह: आईंच्या न्हाणीसाठी थर्मोस्टॅटिक शॉवर बसवावा का?

ताई, तुमचं घर राजारामपुरीत, तळमजला आणि वर एक मजला. गच्चीवर दोनशे लिटरचा काचेच्या नळ्यांचा सोलर, पावसाळ्यापुरता गॅस गिझर. आई ७८ वर्षांच्या, साखरेमुळं पायाची जाणीव कमी झालेली, आणि मार्चमध्ये गरम पाण्यानं त्यांची पोटरी भाजली. तुम्हाला थर्मोस्टॅटिक शॉवर व्हॉल्व्ह, म्हणजे ठरवलेल्या तापमानाचंच पाणी सोडणारा मिक्सर, बसवायचाय आणि प्लंबर म्हणतोय, "कोल्हापुरात ते टिकत नाही, वर्षात जाम होतंय."

माझ्या घरात तो २०१७ पासून आहे. मधल्या काळात दोनदा बिघडला आणि दोन्ही वेळा दोष पाइपात होता, व्हॉल्व्ह ठणठणीत होता. तेव्हा जरूर बसवा, पण आधी गार आणि गरम लाइनीचा दाब सारखा आहे का ते बघा. तो नसेल तर महागातला महाग व्हॉल्व्हही तुमच्या प्लंबरचं म्हणणं खरं करून दाखवेल.

बंबाच्या दिवसांत घंगाळात आधी कढत पाणी यायचं, मग विसण घातलं जायचं, आणि आजी कोपर बुडवून बघितल्याशिवाय पोराला पाण्याजवळ येऊ द्यायची नाही. हा व्हॉल्व्ह नेमकं तेच काम करतो, फक्त प्रत्येक क्षणाला करतो. त्याच्या पोटात मेणाची एक बंद डबी असते. मिसळलेलं पाणी तिच्यावरून वाहतं. पाणी तापलं की मेण फुगतं, दांडा पुढं ढकलतं, गरमची वाट अरुंद होते आणि गारची रुंद. पाणी निवलं की स्प्रिंग दांडा मागं आणते. वीज लागत नाही, सेल लागत नाही. मोटारीच्या इंजिनात रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारा थर्मोस्टॅट याच तत्त्वावर चालतो, उद्यमनगरातला कुठलाही मेकॅनिक तो गरम पाण्याच्या पातेल्यात सोडून तुम्हाला उघडताना दाखवेल. तुमच्या प्लंबरलाही एकदा दाखवा, त्याची भीती जाईल.

साधा मिक्सर हे करू शकत नाही. तुम्ही दोन कॉक जुळवून पाणी कोमट केलंत आणि वर कुणी फ्लश ओढला, की गारचा दाब पडतो आणि उरतं ते निव्वळ सोलरचं पाणी. आमच्याकडं असंच झालं. एप्रिलची दुपार, वडील शॉवरखाली, आणि वरच्या मजल्यावर फ्लश मी ओढला. त्यांची हाक ऐकून खाली पळालो तेव्हा ते भिंतीला धरून उभे होते आणि उजव्या खांद्यापासून पाठीपर्यंत तळहाताएवढा लाल पट्टा उठला होता. शॉवर तसाच चालू होता. कॉक बंद करायचा तर त्याच पाण्याखालून हात न्यावा लागत होता, म्हणून त्यांना तो बंदही करता आला नव्हता. तो पट्टा मी अजून विसरलेलो नाही.

६० अंशांचं पाणी धडधाकट माणसाची कातडी साधारण पाच सेकंदांत खोलवर भाजतं. ७० अंशांना सेकंदही लागत नाही. म्हाताऱ्या माणसाची आणि लहान मुलांची कातडी पातळ, त्यांना त्याहून कमी वेळ पुरतो. एप्रिल-मे महिन्यात नळ्यांच्या सोलरमधलं पाणी दुपारनंतर ७० च्या वर जाणं नेहमीचं आहे. ज्यांच्या पायाला चटका कळतच नाही, त्यांना हात लावून बघा असं सांगून भागत नाही.

आता दाबाचं. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण एक बार. टाकीच्या तळापासून शॉवरच्या तोंडापर्यंतची उभी उंची मोजा. आईंची न्हाणी तळमजल्यावर आहे, गच्ची वीस-एकवीस फुटांवर, टाकी पाच फुटी कट्ट्यावर धरली आणि शॉवर सात फुटांवर, तर उरतात एकोणीस फूट. म्हणजे अर्ध्या बारपेक्षा थोडा जास्त. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीला हाच हिशेब पाव बारवर येतो. दुकानात दिसणारे बरेच थर्मोस्टॅटिक मिक्सर एक बार किंवा त्याहून जास्त दाब धरून केलेले असतात. पण कमी दाबावर, अगदी ०.१ ते ०.२ बारवर चालणारेही असतात. खोक्यातल्या पत्रकात किमान दाब लिहिलेला असतो, तो आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानदार "सगळ्याला चालतंय" म्हणेल. पत्रक उघडून मागा.

तुमच्या बाजूची एक मोठी गोष्ट आहे. बिनदाबाच्या, म्हणजे पंपाशिवाय नुसत्या टाकीच्या उंचीवर चालणाऱ्या, सोलरला पाणी त्याच गच्चीवरच्या टाकीतून मिळतं, त्यामुळं गार आणि गरम दोन्ही एकाच पातळीवरून खाली येतात. दाब कमी असेल, पण सारखा असतो. व्हॉल्व्हला नेमकं हेच हवं असतं. म्हणून फक्त गारच्या लाइनीवर प्रेशर पंप बसवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मी ऐकला होता. वरच्या न्हाणीत धार बारीक पडते म्हणून एका प्लंबरनं गारवर पंप लावून दिला. त्याच रात्री दोनच्या सुमारास गच्चीच्या पन्हाळीतून पाणी पडल्याचा आवाज आला. वर जाऊन बघतो तर सोलरच्या व्हेंट पाइपातून, म्हणजे हवा-वाफ बाहेर सोडणाऱ्या उघड्या नळीतून, कारंजं उडतंय आणि टाकी तळाला गेलेली. झालं असं होतं: या मिक्सरमध्ये चालू-बंद करायचा कॉक बहुधा पाणी मिसळल्यानंतर येतो, म्हणजे शॉवर बंद असतानाही आत गार आणि गरम एकमेकांना जोडलेलेच असतात. त्यांच्यामध्ये फक्त एनआरव्ही, म्हणजे पाणी उलट जाऊ न देणारी झडप. गरमच्या बाजूच्या झडपेत प्लास्टरचा खडा अडकला होता, ती नीट मिटत नव्हती. पंपाचं गार पाणी मिक्सरमधून गरमच्या पाइपात शिरलं, वर सोलरपर्यंत चढलं आणि व्हेंटमधून बाहेर पडलं. कुणाच्या गच्चीवर असं विनाकारण पाणी वाहत असेल तर सोलर गळतोय असं समजू नका, आधी घरातले मिक्सर तपासा.

पंप लावायचाच असेल तर दोन्ही लाइनींवर सारख्या क्षमतेचे लावावे लागतात, आणि गरमचा पंप गरम पाण्याला चालणाराच हवा, सोलरच्या बाहेर येणाऱ्या बाजूला. बिनदाबाच्या सोलरच्या टाकीत पंपाचा दाब सोडायचा नाही, ती त्यासाठी बनलेलीच नसते. आईंच्या न्हाणीला मात्र मी पंप लावणार नाही. कमी दाबाचा मिक्सर आणि मोठ्या भोकांचा हँड शॉवर पुरेसा आहे. भिंतीवर ताटाएवढी रेन शॉवरची तबकडी अर्ध्या बारवर नुसती ठिबकते.

गॅस गिझरचं काय, तर तो या व्हॉल्व्हबरोबर भांडतो. पाणी जास्त तापलं की व्हॉल्व्ह गरमचा प्रवाह कमी करतो, प्रवाह कमी झाला की गिझरचा बर्नर विझतो, मग गार पाणी येतं, व्हॉल्व्ह पुन्हा उघडतो, बर्नर पुन्हा पेटतो. आई थंडीनं कुडकुडतील. पावसाळ्यासाठी सोलरच्या पुढं २५ लिटरचा विजेचा साठवणीचा गिझर जोडा, सोलरचं पाणी त्यातूनच न्हाणीत येईल. ढगाळ दिवसांत गिझर लावावाच लागेल, कारण गरम पाणी ठरवलेल्या तापमानापेक्षा दहा-बारा अंश तरी जास्त असल्याशिवाय व्हॉल्व्ह नीट काम करत नाही. जुलैत सोलरमध्ये ४० अंशांचं पाणी असेल तर ३८ ला मिसळायला त्याच्या हातात काहीच उरत नाही. आणि तो गॅस गिझर आज न्हाणीच्या आत असेल तर व्हॉल्व्हचं काही ठरण्याआधी तो बाहेर काढा. बंद न्हाणीत त्याच्या ज्वलनातून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू माणसाचा जीव घेतो, त्याला ना वास ना रंग.

बसवताना भिंतीबाहेर राहणारा मिक्सर घ्या. भिंतीत गाडलेला दिसायला छान, पण खोली दोन-चार मिलिमीटर चुकली तरी फरशी फोडावी लागते. बाहेरचा मिक्सर तुमच्या जुन्या वॉल मिक्सरच्याच जागी बसतो, दोन्हींच्या तोंडांमधलं अंतर १५० मिलिमीटर असतं, थोडाफार फरक वाकड्या लेगनी, म्हणजे मिक्सर भिंतीतल्या पाइपांना जोडणाऱ्या तुकड्यांनी, निघतो. गरम डावीकडं, गार उजवीकडं. आपल्याकडं ही बाजू उलटी केलेली घरं भरपूर आहेत, साध्या मिक्सरला काही फरक पडत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. थर्मोस्टॅटिकला मात्र पडतो: लाइन उलटी असेल तर तो काम करतच नाही आणि दोष व्हॉल्व्हवर येतो. जोडण्याआधी दोन्ही पाइप बादलीत पाच मिनिटं मोकळे सोडा. वाळू, सीपीव्हीसीच्या प्लास्टिक पाइपाचा चुरा, पाइप चिकटवायच्या सोल्युशनचे वाळलेले थेंब, सगळं निघू दे. माझ्या एनआरव्हीतला तो खडा याच पाच मिनिटांत गेला असता.

बादलीत पाणी सोडणारी खालची तोटीही त्याच व्हॉल्व्हमधून येईल असं मॉडेल घ्या. आई शॉवर घेणार नाहीत, स्टुलावर बसून तांब्यानंच अंघोळ करणार, हे धरून चाला. बादलीत पडणारं पाणीही विसण घातलेलंच पडलं पाहिजे. आणि न्हाणीत निव्वळ गरमची वेगळी तोटी असेल तर ती बंद करून टाका. सवयीनं हात तिच्याकडंच जातो.

बसवल्यावर काटा जुळवणं फार जण सोडून देतात. नॉब ३८ वर ठेवा, दोन मिनिटं पाणी वाहू द्या, मग थर्मामीटरनं मोजा. ४१ दाखवत असेल तर नॉब उपसून आतला दांडा हळूहळू फिरवा, पाणी ३८ ला आलं की नॉब ३८ च्या खुणेवरच परत बसवा. बहुतेक नॉबना ३८ वर अटकाव असतो, बटण दाबल्याशिवाय पुढं जात नाही. त्याच्याही पुढची हद्द ठरवणारी चकती आत असते. ब्रिटनमध्ये दवाखान्यांत आणि वृद्धाश्रमांत शॉवरसाठी ४१ अंश ही वरची मर्यादा धरतात, आईंसाठी तुम्हीही तीच ठेवा.

आता जाम होण्याचं. तुमचा प्लंबर खोटं बोलत नाही, त्यानं जाम झालेले व्हॉल्व्ह बघितले असणार. बोअरचं पाणी जड असतं, तापलं की क्षार धरतं. टाकीत बोअरचं पाणी मिसळत असाल तर न्हाणीसाठी नळाचंच ठेवा. नळाच्या पाण्यातून येतो तो गाळ. २०१९ च्या महापुरात उपसा केंद्रंच पाण्यात गेली आणि शहराचं पाणी बंद पडलं. पुरवठा सुरू झाल्यावर माझ्या शॉवरची धार करंगळीएवढी झाली आणि पाणी एकदा गार, एकदा गरम. लेग सोडवून मिक्सरच्या तोंडाशी गाळ अडवणाऱ्या जाळ्या काढल्या तर दोन्हींवर चहाच्या गाळासारखा तांबूस चिखल घट्ट बसलेला, गारच्या बाजूला जास्त. एक बाजू तुंबली की दाब विषम होतो, मग मेण तरी काय करणार? जाळ्या जुन्या टूथब्रशनं धुतल्या, परत बसवल्या, अर्ध्या तासात पूर्वीसारखं झालं.

तेव्हापासून दर वर्षी पावसाळा सरल्यावर, दसऱ्याच्या साफसफाईत मी हेही धरतो. दोन्ही स्टॉप कॉक बंद करायचे, जाळ्या आणि एनआरव्ही धुवायचे. कार्ट्रिज, म्हणजे मेणाची डबी असलेला आतला सुटा भाग, काढून पांढरा थर दिसला तर कोमट पाण्यात व्हिनेगर किंवा लिंबूसत्व घालून दोन-तीन तास बुडवायचं. संडासात वापरतात ते अ‍ॅसिड चुकूनही नको, ते पितळ आणि रबर दोन्ही खातं. ओ-रिंगला, म्हणजे रबरी कडीला, सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलिन नको, त्यानं रबर फुगतं. महिन्यातून एकदा नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत चार-पाच वेळा फिरवायचा. क्षार बसायला लागला तरी एका जागी धरून राहत नाही. आमच्याकडं हे काम आता मुलगी करते, दर एक तारखेला.

आणि एक परीक्षा महिन्या-दोन महिन्यांनी घ्याच. शॉवर ३८ वर चालू ठेवा, हात पाण्याबाहेर घ्या, आणि गारचा स्टॉप कॉक एकदम बंद करा. दोन-तीन सेकंदांत शॉवर जवळजवळ थांबला पाहिजे. गरम धार तशीच चालू राहिली तर कार्ट्रिज संपलं, नवीन येईपर्यंत आईंना त्या शॉवरखाली बसवू नका. म्हणूनच खरेदीच्या वेळी दुकानदाराला विचारा की याचं कार्ट्रिज सुटं मिळतं का, आणि कोल्हापुरात मिळतं की पुण्याहून मागवावं लागतं. मी एक जादा आणूनच ठेवलंय.

टाकीच्या तळापासून शॉवरपर्यंतची उंची आणि गरम पाइप डावीकडं आहे की उजवीकडं, एवढं बघून सांगा. कुठल्या दाबाचा मिक्सर घ्यायचा ते मग नक्की सांगतो. तोवर आईंच्या बादलीत आधी गार पाणी घ्या आणि गरम त्यावर सोडा.